कावळा बसला म्हणून फांदी मोडली? कोयनेचं धरण आणि तिथले भूकंप

कराड, पाटण, चिपळूणकडची वर्तमानपत्रं एक बातमी वर्षानुवर्षं छापत आली आहेत. कोयना परिसराला भूकंपाचा सौम्य धक्का, तीव्रता इतकी इतकी, केंद्रबिंदू कोयनानगरपासून इतक्या किलोमीटरवर, धरण सुरक्षित, जीवित वा वित्तहानी नाही. पुण्यामुंबईचा वाचक ती वाचून पान उलटतो. पाटण खोऱ्यातल्या माणसाला मात्र ती बातमी वाचावी लागत नाही. जमिनीच्या पोटातून आधी गुरगुर येते, मांडणीवरची भांडी किणकिणतात आणि मग खाट हलते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं.

या धक्क्यांमागचं कारण विचारलं की दोन उत्तरं मिळतात, आणि दोन्ही तितक्याच ठामपणे. एक म्हणजे, "धरणामुळे होतात." दुसरं, "धरणाचा काही संबंध नाही, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली." साठ वर्षांच्या संशोधनानंतर खरं उत्तर या दोन्हींच्या मधोमध सापडलं आहे, आणि ते दोन्हींपेक्षा जास्त रंजक आहे. फांदी आतून आधीच तडकलेली होती. पण कावळ्याचा संबंध नव्हता असंही नाही.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं

कोयना नदीवरच्या १०३ मीटर उंचीच्या धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं. शिवाजीसागर भरत गेला तसे आसपासच्या गावांना बारीक हादरे जाणवू लागले आणि जमिनीतून आवाज येऊ लागले. म्हणून तिथे भूकंपमापक यंत्रं बसवली गेली. सप्टेंबर १९६७ मध्ये पाचपेक्षा जास्त तीव्रतेचा धक्का बसला. तीन महिन्यांनी, सगळं खोरं गाढ झोपेत असताना, ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली, दोन हजारांहून जास्त जखमी झाली, कोयनानगरची बहुतेक घरं पडली किंवा खिळखिळी झाली. वीजकेंद्र बंद पडलं आणि मुंबईची वीज गेली. धरणाच्या भिंतीला वरच्या भागात आडव्या भेगा गेल्या, पण धरण टिकलं. पुढे त्याला मागच्या बाजूने भक्कम टेकू बांधून मजबुती दिली गेली.

तोवर दख्खनचं पठार म्हणजे देशातली सगळ्यात स्थिर जमीन, असं मानलं जाई. भूकंप हिमालयात व्हायचे, आसामात व्हायचे. काळ्या कातळाच्या या देशाला हलवणार कोण? कोयनेने तो समज मोडला. देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा त्यानंतर बदलावा लागला. धरणाच्या जलाशयामुळे चालना मिळालेला जगातला आजवरचा सगळ्यात मोठा भूकंप म्हणून शास्त्रज्ञ आजही कोयनेचंच नाव घेतात.

पावसाळ्यात फुगलेला दरवाजा

आधी साधा प्रश्न. भूकंप होतो म्हणजे नेमकं काय होतं?

पावसाळ्यात फुगून चौकटीत घट्ट बसलेला लाकडी दरवाजा आठवा. तुम्ही ढकलता, तो हलत नाही. आणखी जोर लावता, तरीही नाही. मग एका क्षणी तो खाडकन उघडतो आणि तुम्ही तोल जाऊन आत जाता. इतका वेळ लावलेला जोर वाया गेलेला नव्हता, तो साठत होता. लाकूड आणि चौकट यांच्यातल्या घर्षणाने त्याला धरून ठेवलं होतं.

जमिनीखालच्या खडकात अशा चिरा असतात, ज्यांच्या दोन्ही बाजूंचे कातळ एकमेकांना घासून सरकू शकतात. अशा चिरेला भ्रंश म्हणतात. भारताचा भूखंड वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतो आहे आणि तिकडे आशियाला भिडला आहे. त्या रेट्याचा ताण हिमालयापुरता राहत नाही, सगळ्या द्वीपकल्पाच्या खडकात थोडाथोडा साठतो. भ्रंशाच्या दोन बाजू घर्षणाने एकमेकींना धरून असतात. ताण घर्षणापेक्षा वरचढ झाला की त्या झटक्यात सरकतात, आणि त्या झटक्याच्या लाटा आपल्या पायाखाली येतात.

फुगलेला दरवाजा उघडायचे दोन मार्ग आहेत. जोर वाढवा, किंवा घर्षण कमी करा. कोयनेचं सगळं कोडं या दुसऱ्या मार्गात आहे.

तळ्याचं वजन: प्रचंड, आणि तरीही नगण्य

पहिली कल्पना सगळ्यांना एकच सुचते. एवढं पाणी साठवलं, त्या ओझ्याने जमीन खचली असेल. कोयना पूर्ण भरली की १०५ टीएमसी पाणी असतं, म्हणजे जवळपास ३०० कोटी टन. आकडा छाती दडपणारा आहे.

पण हे वजन एका जागी नसतं. लांबलचक दरीत ते पसरलेलं असतं. म्हणून दर चौरस सेंटीमीटरवर किती भार पडतो ते पाहावं लागतं. ऐंशी मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळावर चौरस सेंटीमीटरला ८ किलो दाब देतो. मालवाहू ट्रकच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण एवढाच असतो. उलट पाच किलोमीटर खोलीवर, जिथे हे भूकंप जन्म घेतात, तिथल्या कातळावर वरच्या खडकाचाच दाब तेराशे किलोंच्या आसपास असतो. तेराशेत आठाची भर! शिवाय खोल जाताना ते वजन आणखी पसरतं. नुसत्या ओझ्याने तिथला खडक मोडेल हे पटणं अवघड आहे.

"धरणाचा काही संबंध नाही" म्हणणाऱ्यांचा हाच सगळ्यात मजबूत मुद्दा होता, आणि तो चुकीच्या गणितावर उभा नव्हता. फक्त पाण्याचं दुसरं काम त्यात धरलेलं नव्हतं.

आमटीची वाटी आपोआप का सरकते

खानावळीत ताट येण्याआधी टेबल ओल्या फडक्याने पुसतात. त्या ओल्या टेबलावर वाढप्याने गरम आमटीची वाटी ठेवली की ती कधीकधी कुणी हात न लावता वीतभर सरकत जाते. हे पाहिलं नाही असा माणूस विरळा. वाटीच्या बुडाशी कडं असतं आणि त्या कड्याच्या आत थोडी हवा अडकते. कडेच्या पाण्यामुळे ती बाहेर पडू शकत नाही. आमटीच्या उष्णतेने ती फुगते आणि वाटीला खालून किंचित उचलून धरते. वाटीचं वजन तेवढंच असतं, टेबलाचा उतारही तोच, डोळ्याला न दिसणारा. पण वाटीची टेबलावरची पकड सुटते आणि तेवढा उतार तिला पुरतो.

भ्रंशात हवेच्या जागी पाणी असतं. खडक वरून कितीही अखंड दिसला तरी त्यात बारीक भेगा असतात आणि त्या पाण्याने भरलेल्या असतात. या भेगांमधल्या पाण्याच्या दाबाला छिद्रदाब म्हणतात. तो दोन्ही बाजूंच्या कातळांना एकमेकांपासून दूर ढकलतो, त्यांची एकमेकांवरची पकड सैल करतो. आधीच काठोकाठ ताणलेल्या भ्रंशाला थोडी सैल पकडही पुरते.

इथे एक शंका हमखास येते. तळ्यातलं पाणी पाच-सहा किलोमीटर खाली झिरपायला किती काळ लागेल? उत्तर असं की तेच पाणी खाली जावं लागत नाही. बागेतली लांब नळी आधीच पाण्याने भरलेली असेल, तर नळ सोडताच दुसऱ्या टोकाने पाणी येतं. नळातून नुकतंच निघालेलं पाणी नाही, आधीपासून नळीत असलेलं. पाणी जागच्या जागी राहतं, पुढे जातो तो दाब. खडकाच्या भेगा नळीइतक्या मोकळ्या नसतात, म्हणून हा दाब खाली पोचायला कधी आठवडे, कधी महिने, कधी वर्षं लागतात. धरण भरलं त्याच दिवशी भूकंप झाला नाही म्हणून संबंध नाही, हा तर्क म्हणूनच टिकत नाही.

योगायोग नाही हे कशावरून?

मला विचाराल तर या सगळ्या कहाणीतला सगळ्यात मोलाचा भाग हा आहे. एकदा कावळा बसला आणि फांदी मोडली, तर योगायोग म्हणता येईल. पण दरवर्षी बसला, दरवर्षी मोडली, आणि शेजारच्या झाडावरही तेच झालं तर?

कोयनेत तसंच झालं. १९६७ नंतर तिथे पाचपेक्षा मोठे वीसहून जास्त भूकंप झाले, चारपेक्षा मोठे दोनशेच्या घरात, आणि लहान तर हजारोंनी. हे सगळे साधारण ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद अशा एका पट्ट्यात. त्याच्या आसपास दूरवर जमीन जवळपास शांत. धक्क्यांची वर्षभरातली नोंद मांडली तर ती तळ्याच्या पातळीबरोबर चढउतार करते. पावसाळ्यात तलाव भरल्यावर धक्के वाढतात, आणि हिवाळ्यात पाणी उतरू लागल्यावर पुन्हा एकदा वाढतात. पहिल्या चढामागे भरणारं पाणी, दुसऱ्यामागे उशिरा पोचलेला दाब आणि वरून उतरलेलं वजन. जमिनीच्या पोटातला ताण कॅलेंडर पाहत नाही. मोसमाप्रमाणे वागणारा भूकंप मोसमी पाण्याकडे बोट दाखवतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेचे हर्ष गुप्ता यांनी आयुष्याचा मोठा काळ या एका पट्ट्यावर घालवला. त्यांना आढळलं की पाचपेक्षा मोठे धक्के बसले त्याआधी पाणी फार वेगाने, आठवड्याला १२ मीटरहून जास्त, चढलेलं होतं. पातळीने आजवरचा उच्चांक ओलांडला की धोका वाढतो, हेही दिसलं. पण पाणी वेगाने चढलं म्हणजे मोठा धक्का येणारच असं नाही. तो यायला ही अट लागते, ती पुरेशी नसते.

शेजारचं झाड म्हणजे वारणा. कोयनेच्या दक्षिणेला चांदोलीला वारणेचं धरण झालं, १९८५ पासून त्यात पाणी साठू लागलं. काही वर्षांत भूकंपांचा पट्टा दक्षिणेकडे पसरला आणि १९९३-९४ च्या हिवाळ्यात वारणेजवळ पाचच्या वरचे धक्के बसले. ज्या भागात आधी तुरळक नोंदी होत्या, तिथे नवं तळं झालं आणि नवी नोंदवही उघडली. हे वाचल्यावर योगायोग म्हणणं मला तरी जमत नाही.

जगातही याला जोड सापडते. अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ लष्कराने १९६२ मध्ये साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत रासायनिक सांडपाणी दाबून भरायला सुरुवात केली. जिथे भूकंप माहीत नव्हते तिथे ते होऊ लागले. १९६६ मध्ये पाणी भरणं थांबवलं, पण सगळ्यात मोठा धक्का त्यानंतर दीड वर्षाने बसला, कारण दाब अजून पसरत होता. पुढे त्याच राज्यातल्या रेंजली या तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम प्रयोग केला. विहिरींतला दाब वाढवला, भूकंप वाढले. दाब काढून घेतला, भूकंप कमी झाले. दिव्याचं बटण दाबून पाहावं तसं.

मग सगळ्याच धरणांखाली जमीन का हलत नाही?

रास्त प्रश्न आहे. उजनीत कोयनेहून जास्त पाणी मावतं. जायकवाडी जवळपास तेवढंच आहे. तिथे कोयनेसारखी मालिका नाही.

कारण दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली, पाण्याची खोली. उजनी आणि जायकवाडी ही पठारावर पसरलेली उथळ तळी आहेत. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या अरुंद, खोल दरीत उभं आहे, आणि दाब खोलीवर ठरतो, एकूण साठ्यावर नाही. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची, म्हणजे खाली आधीपासून ताणलेला भ्रंश हवा. कोयनेखाली तो आहे. दोणीचावाडा या गावाजवळ १९६७ मध्ये जमिनीला गेलेल्या भेगांवरून तो लक्षात आला, म्हणून त्याला गावाचंच नाव मिळालं. टेबल सपाट असेल तर वाटी कितीही उचलली गेली तरी सरकणार नाही. उतार आधी लागतो.

उलट बाजूही पाहू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसं गेली. तिथे कोयनेसारखं खोल तळं नव्हतं. दख्खनच्या कातळात ताण आहे, आणि तो आपल्या धरणांची वाट पाहत थांबलेला नाही, हे त्या पहाटेने फार क्रूरपणे दाखवलं.

म्हणूनच शास्त्रज्ञ शब्द जपून वापरतात. धरणाने भूकंप "केला" असं ते म्हणत नाहीत, "चालना दिली" असं म्हणतात. त्या भूकंपात मोकळी झालेली ऊर्जा पाण्याची नव्हती, लाखो वर्षं साठलेल्या ताणाची होती. पाण्याने फक्त ती वेळ अलीकडे आणली. ज्यांचं माणूस गेलं त्यांना हा फरक शाब्दिक वाटेल, आणि तसं वाटणं समजण्यासारखं आहे. पण पुढचं धरण कुठे बांधायचं आणि किती वेगाने भरायचं हे याच फरकावर ठरतं.

तीन किलोमीटर खोल जाऊन पाहिलं तेव्हा

इतकी वर्षं हे सगळं ज्ञान जमिनीच्या वरून मिळवलेलं होतं. डॉक्टरने छातीला नळी लावून आतलं ओळखावं, तसं. आत दुर्बीण घालून पाहण्याची वेळ गेल्या दशकात आली. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराडजवळ हजारमाचीला वेधनविवर भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी केली. वेधनविवर म्हणजे यंत्राने पाडलेलं खोल, अरुंद भोक, आपल्याकडच्या बोअरचाच मोठा भाऊ. आधी कोयना-वारणा पट्ट्यात दीड किलोमीटरपर्यंतची नऊ विवरं घेतली. मग गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल चाचणी विवर पाडलं, जे २०१७ मध्ये पुरं झालं. कळसूबाई उलटी करून त्यात उतरवली तरी खाली तेराशे मीटर उरतील, एवढी ही खोली.

अशा विवरातून खडकाचे लांब दंडगोल बाहेर येतात, उसाच्या कांडक्यांसारखे. ते क्रमाने पेटीत मांडले की साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा कसा थरावर थर साचला ते डोळ्यांसमोर येतं. काळा बेसाल्ट, म्हणजे आपला ओळखीचा काळा कातळ. त्यावर मध्येच विटकरी तांबडा पट्टा, मग पुन्हा काळा. सह्याद्रीच्या घाटातून जाताना रस्त्याच्या कापलेल्या कडेला हेच पट्टे दिसतात, इथे ते जमिनीच्या पोटातून आलेले. गोठण्याला हा बेसाल्ट १,२४७ मीटर खोलीपर्यंत लागला. त्यानंतर एकदम रंग बदलला आणि फिकट करडा, गुलाबी झाक असलेला ग्रॅनाइटसारखा खडक सुरू झाला, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. मध्ये गाळाचा थर नाहीच. दोन खडकांमधलं एवढं मोठं वयाचं अंतर, आणि ते एकमेकांना थेट चिकटलेले.

भूकंपाच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. इथले भूकंप बेसाल्टमध्ये नाहीत, त्याखालच्या जुन्या खडकात जन्मतात. त्या जुन्या खडकात चुरडलेले, भेगाळलेले पट्टे आहेत आणि तीन किलोमीटरपर्यंत पाणी आहे. ते पाणी वरून मुरलेलं, पावसाचं आहे. आणि तिथला खडक इतका काठावर ताणलेला आहे की थोडासा बदलही लहान धक्क्यांना पुरतो. आमटीच्या वाटीचा सिद्धांत कागदावर मांडून अर्धं शतक झालं होतं. ओलं टेबल प्रत्यक्ष हाताला लागलं ते इथे.

त्या काळोखात राहणारे जीव

बोअर भूकंपासाठी घेतले, पण त्यातून आणखी एक दार उघडलं. आयआयटी खरगपूरच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी या विवरांतून आलेल्या खडकांचे नमुने तपासले, आणि त्यांत जिवाणूंच्या वसाहतींच्या खुणा सापडल्या. सूर्याचा किरण कधीच पोचला नाही, वरून अन्न जवळपास येत नाही, उष्णता भरपूर, अशा खडकाच्या भेगेत हे जीव पाणी, खनिजं आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंवर तग धरतात. त्यांचं जगणं अतिशय संथ असतं. पृथ्वीवर जीवन किती खोल जातं, मंगळासारख्या ग्रहाच्या पोटात ते असू शकेल का, या प्रश्नांना पाटण तालुक्यातल्या दगडातून धागा मिळतो आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

"लहान धक्के बसले की ताण निघून जातो, बरंच झालं"

हे वाक्य कोयनेच्या खोऱ्यात सर्रास ऐकू येतं, आणि धीर देणारं आहे. पण त्यामागचं गणित धीर देत नाही. भूकंपाची तीव्रता एकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ६.३ च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा लहान धक्क्यांनी काढायची, तर ३.३ तीव्रतेचे जवळपास ३२ हजार धक्के लागतील. रोज एक धरला तरी ऐंशीहून जास्त वर्षं. लहान धक्के ताण सोडतात हे खरं, पण थेंबाथेंबाने.

दुसरं एक मत असं की पोफळीच्या वीजकेंद्रासाठी तळ्याच्या तळाला भोक पाडून पाणी घेतलं, त्या लेक टॅपिंगच्या स्फोटांनी भूकंप होतात. असे स्फोट कोयनेत १९९९ आणि २०१२ मध्ये झाले. पण भूकंपांची मालिका त्याच्या कितीतरी आधीपासून, साठच्या दशकापासून सुरू आहे. पृष्ठभागाजवळच्या एका स्फोटाचा हादरा काही सेकंदांत विरतो, तळ्याचा दाब मात्र वर्षभर खालीच मुरत असतो.

आणि धरण रिकामं करावं का? डेन्व्हरचा अनुभव सांगतो की दाब काढल्यावरही जमीन लगेच शांत होत नाही. कोयनेत तर पाणी उतरतानाही धक्के वाढतात. घाईने रिकामं करणं हाही एक धक्काच ठरेल. हातात जे आहे ते असं: पाणी चढण्याचा वेग शक्य तितका आवरणं, धरणाची मजबुती वेळोवेळी तपासणं, आणि सगळ्यात आधी घरं. १९६७ ला माणसं मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींखाली गेली, किल्लारीलाही तसंच झालं. धरणावर खर्च झाला, अभ्यासावर झाला, तो व्हायलाच हवा होता. पण ज्या गावांनी धरणासाठी जमिनी दिल्या आणि नंतर त्याचे हादरे सोसले, त्यांच्या वाड्यावस्त्यांतली घरं भूकंप झेलतील अशी बांधून देण्याला त्याच तोडीचं महत्त्व मिळायला हवं. अजून ते मिळालेलं नाही, असं मला वाटतं.

हे जगाला का हवं आहे

आता माणूस जमिनीखाली पाणी आणि वायू ढकलण्याचे नवनवे उद्योग करतो आहे. ओक्लाहोमात तेलविहिरींचं सांडपाणी खोलवर भरल्याने भूकंपांची लाट आली, २०१६ मध्ये ५.८ तीव्रतेपर्यंत. स्वित्झर्लंडमध्ये बासेलला खडकातल्या उष्णतेपासून वीज करण्याचा प्रकल्प २००६ मधल्या धक्क्यांमुळे थांबला. दक्षिण कोरियात पोहांगला २०१७ मध्ये तशाच प्रकल्पाजवळ ५.४ चा भूकंप झाला, आणि सरकारने नेमलेल्या समितीने प्रकल्पाकडे बोट दाखवलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड बेसाल्टमध्ये मुरवून त्याचा दगड करण्याचा प्रयोग आइसलंडमध्ये झाला आहे. आपलं अर्धंअधिक राज्य त्याच बेसाल्टवर बसलं आहे, त्यामुळे ही चर्चा इथेही येणारच. तेव्हा किती दाब, किती वेगाने, कुठल्या खडकात, हे विचारायला कोयनेच्या नोंदी हाताशी असतील.

साठ वर्षं झाली, तरी थांबत का नाही?

जगातल्या बहुतेक तळ्यांखालची जमीन भरल्यानंतर काही वर्षांत शांत झाली. कोयना झाली नाही. दरवर्षी पाणी कित्येक मीटर चढतं आणि उतरतं, त्यामुळे खालचा दाब कधी स्थिरावतच नाही, त्यात वारणेची भर पडली, हे एक स्पष्टीकरण. खाली अजून ताण शिल्लक आहे, हे दुसरं. दोन्ही खरी असतील, पण किती प्रमाणात, हे वरून मोजता येत नाही.

त्यासाठी आता ६ किलोमीटर खोल विवराची योजना आहे. तिथलं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे असेल असा अंदाज आहे. एवढ्या उष्णतेत यंत्रं टिकवणं हेच मोठं आव्हान आहे. जमलं, तर मोजणारी उपकरणं प्रथमच अशा भूकंपाच्या अगदी शेजारी बसतील. धक्का बसण्याआधीच्या तासांत, दिवसांत भेगेतल्या पाण्याचा दाब कसा बदलतो, खडक कुठे आधी कुरकुरतो, हे तिथल्या तिथे नोंदलं जाईल. आज पाटणच्या माणसाला भांडी किणकिणण्याआधी जी गुरगुर ऐकू येते, तिच्याही आधीची गुरगुर.